मशीन किती वेळ थांबेल? कारखान्याकडे फोटोग्राफीचं काम मागताना

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. लग्नांवर पोट असलेल्या फोटोग्राफरचा कॅमेरा हे चार महिने बहुतेक बॅगेतच असतो. गंमत अशी, की नेमक्या याच काळात पुण्याच्या आसपासच्या भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव इथल्या कारखान्यांना फोटोंची आठवण व्हायला लागते. जानेवारीत बंगळुरूला इमटेक्स हे मशीन टूल्सचं प्रदर्शन भरतं, विषम वर्षी मेटल कटिंगचं आणि सम वर्षी फॉर्मिंगचं. स्टॉलचे पॅनेल डिसेंबरात छपाईला जातात आणि ‘पॅनेलवर टाकायचं काय’ हा प्रश्न दिवाळीच्या आगेमागे कुणाच्या तरी गळ्यात पडतो. त्या वेळी फोनमध्ये ज्याचा नंबर सापडतो, त्याला काम मिळतं. म्हणजे ओळख ऑगस्ट-सप्टेंबरातच करून ठेवायला हवी.

इथे जे लिहिलंय ते तीस ते दीडशे माणसांच्या इंजिनिअरिंग कारखान्यांबद्दल आहे. मोठ्या कंपन्यांचं काम जाहिरात एजन्सीमार्फत चालतं, त्यांची रीत वेगळी. या मधल्या कारखान्यांत मालक स्वतः ठरवतो, किंवा नुकता धंद्यात आलेला त्याचा मुलगा वा मुलगी ठरवते, आणि दोघांशी बोलायची पद्धत निराळी आहे. मुलाला वेबसाइट आणि लिंक्डइन दिसत असतं. वडिलांना दिसते ती येत्या गुरुवारच्या सुट्टीआधी निघायला हवी असलेली डिस्पॅच.

मालकाच्या व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला असा एखादा मेसेज येतोच: ‘नमस्कार सर, आम्ही सर्व प्रकारची फोटोग्राफी करतो. वेडिंग, प्री-वेडिंग, बेबी शूट, प्रॉडक्ट, इंडस्ट्रियल, ड्रोन. वाजवी दर. एकदा सेवेची संधी द्या.’ खाली गुगल ड्राइव्हची लिंक, ती उघडली की तीनशे फोटो, त्यातले पहिले दोनशे नव्वद नवरा-नवरीचे. हे कुणी उघडत नाही. उघडलंच तर एकच उत्तर येतं, ‘रेट काय?’ आणि त्या प्रश्नाला नुसता आकडा कळवला, की बोलणं तिथेच संपतं.

कारखानदाराला फोटो चांगले येतील की नाही याची फारशी चिंता नसते. ते येतील असं तो धरूनच चालतो. त्याच्या डोक्यात दोन वेगळेच घोर असतात. एक, मशीन किती वेळ थांबेल. दोन, कस्टमरला कळलं तर काय. जो फोटोग्राफर हे दोन्ही विषय स्वतःहून काढतो त्याच्याकडे मालक खुर्ची सरकवून बघायला लागतो.

मशीनचं आधी घेऊ. समजा व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या कटिंग मशीनचा) तासाचा दर पाचशे रुपये आहे. चार मशीन प्रत्येकी एक तास थांबली तर दोन हजार रुपये गेले. रक्कम मोठी नाही. पण मालक पैसे मोजत नसतो, तो त्या दिवशीचे पार्ट मोजत असतो. संध्याकाळी गाडी भरायची आहे आणि चाळीस पार्ट कमी पडले, तर कस्टमरच्या लाइनवरून फोन येतो. म्हणून मेसेजमध्ये किंवा पहिल्या भेटीत मिनिटांत बोला. स्टँड, दिवे, फ्रेम, एक्स्पोजर हे सगळं मशीन चालू असतानाच लावून घेता येतं. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात उत्पादनाचं काही बिघडत नाही. थांबवायचं ते शेवटी: काच पुसायला, आतला चिप्सचा ढीग काढायला आणि प्रत्यक्ष सात-आठ फोटो घ्यायला. त्याला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. जॉब बदलायची वेळ किंवा जेवणाची सुट्टी गाठली तर तेवढीही लागत नाहीत. ‘दर मशीनमागे जास्तीत जास्त पंधरा मिनिटं’ हे एक वाक्य पोर्टफोलिओतल्या दहा फोटोंवर भारी पडतं.

इथेच एक सावधगिरी. ‘दार उघडं ठेवून कटिंग चालू असताना फोटो घेऊ’ असं कधी कबूल करू नका. सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या दाराला इंटरलॉक असतो, दार उघडलं की स्पिंडल थांबतो. तो बायपास करा असं सुचवणारा फोटोग्राफर प्रॉडक्शन मॅनेजरच्या मनातून त्याच क्षणी उतरतो, आणि उतरायलाच हवा. दार बंद ठेवून काचेतून, कूलंट बंद करून ड्राय रन (धातू न कापता मशीन चालवणं) घेतला, किंवा टूल पार्टजवळ आणून स्पिंडल थांबवून दार उघडलं, तरी काम होतं. दुसऱ्या प्रकारात गती दिसत नाही, पण पार्ट, टूल आणि पार्ट पकडून ठेवणारं फिक्श्चर लख्ख दिसतं आणि बघणाऱ्या इंजिनिअरला तेच बघायचं असतं.

दुसरा घोर जास्त अवघड. भोसरीतल्या बहुतेक शॉपमध्ये जे पार्ट बनतात त्यांचं ड्रॉइंग कस्टमरचं असतं. पुरवठ्याच्या करारात गोपनीयतेचं कलम असतं आणि पार्टवर कस्टमरचा लोगो किंवा पार्ट नंबर कोरलेला असतो. ‘आमचे पार्ट दाखवता येत नाहीत’ असं मालक म्हणतो ते टाळाटाळ म्हणून नाही, खरंच तसं असतं. यावर तयार उत्तर हवं. तीन वाटा आहेत. जुन्या रिव्हिजनचा किंवा बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट घेऊन कस्टमरकडून ईमेलवर परवानगी मागायची, आणि त्या ईमेलचा मसुदा तुम्हीच लिहून द्यायचा. कंपनीने प्रदर्शनासाठी स्वतःच्या ड्रॉइंगवर बनवलेला नमुना पार्ट वापरायचा. किंवा पार्ट मागे ठेवून मशीन, फिक्श्चर, मोजमापाची खोली (सीएमएम रूम) हे पुढे आणायचं. एडिटिंगमध्ये पार्ट नंबर पुसून देतो एवढ्यावर भागत नाही, कारण त्या धंद्यातला माणूस आकारावरूनच ओळखतो हा कुणाचा ब्रॅकेट.

फोटोच्या पार्श्वभूमीत तर याहून धोक्याच्या गोष्टी असतात. शॉप फ्लोअरवर एक उत्पादनाचा बोर्ड असतो. त्यावर कस्टमरची नावं, रोजचं टार्गेट आणि रिजेक्शनचे आकडे मार्करने लिहिलेले असतात. मागे तो स्पष्ट वाचता येत असेल तर फोटो बाद. निळ्या बिनवरची कस्टमरची स्टिकर, क्वालिटीच्या टेबलावर उघडं पडलेलं ड्रॉइंग, लाल बिनमधला रिजेक्ट माल, कोपऱ्यातले पानाचे डाग, टूल विकणाऱ्याचं कॅलेंडर या सगळ्याचं तेच. पण सर्वांत जास्त फोटो बाद होतात ते माणसांमुळे. ऑपरेटरने सेफ्टी शूज घातलेले नाहीत, गॉगल कपाळावर आहे, ग्राइंडरजवळ उभ्या माणसाच्या बाह्या लोंबतायत. मालकाला यात काही वावगं दिसत नाही, पण ऑडिटला येणारा कस्टमरचा माणूस तो फोटो वेबसाइटवर बघून पहिला शेरा तोच मारतो. ही सगळी यादी एका पानावर लिहून ‘शूटच्या आदल्या दिवशी एवढं बघून घ्या’ अशी मालकाला पहिल्याच भेटीत देऊन टाका. काम मिळो न मिळो. हा माणूस शॉपमध्ये वावरलेला आहे हे त्या एका पानावरून कळतं.

आता पहिल्या मेसेजकडे. त्याआधी अर्धा तास बसून अभ्यास करायचा. कंपनीची वेबसाइट, इंडियामार्टवरची पानं, गुगल मॅपवरचे फोटो, लिंक्डइन. कुणाकडे जायचं ते ठरवायला प्रदर्शनांच्या सहभागींच्या याद्या उपयोगी पडतात. त्या आयोजकांच्या साइटवर असतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत नुसतं फिरून आलं तरी कुणाच्या पॅनेलवर काय लागलंय ते डोळ्यांनी दिसतं. बघताना चार गोष्टी टिपायच्या: कोणते फोटो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधले आहेत, कोणते इंटरनेटवरून उचललेले (गोरे ऑपरेटर, कोरी करकरीत हेल्मेटं, भोसरीत कधी न दिसणारी चकचकीत फरशी), कोणती मशीन नवीन आली पण साइटवर नाही, आणि पार्टचे फोटो कशावर ठेवून काढलेत. शेवटचं बहुधा ऑफिसच्या टेबलाची काच किंवा वर्तमानपत्र असतं.

मग मेसेज असा जातो:

‘नमस्कार साहेब. तुमच्या वेबसाइटवरचं फॅसिलिटीचं पान पाहिलं. फाइव्ह ॲक्सिस मशीनचा फोटो मशीन कंपनीच्या कॅटलॉगमधला आहे, तुमचं शॉप त्यात दिसत नाही. जानेवारीतल्या प्रदर्शनाआधी तीन मशीन, सीएमएम रूम आणि आठ पार्ट यांचे फोटो एका दिवसात काढून देता येतील. दर मशीनमागे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही. अशाच कामाचे चार फोटो सोबत आहेत. मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या सुमारास वीस मिनिटं येऊन शॉप बघितलं तर चालेल का?’

यात दराचा उल्लेख नाही, आणि तो मुद्दाम टाळलेला आहे. ‘तुमचे फोटो वाईट आहेत’ असंही कुठे म्हटलेलं नाही. वेबसाइट अनेकदा मालकाच्या भाच्याने केलेली असते, त्याला नावं ठेवून तुम्ही आत शिरू शकत नाही. कॅटलॉगचा फोटो ही मात्र वस्तुस्थिती आहे आणि मालकाला ती आधीच ठाऊक असते.

फोटो चारच, आणि ते थेट मेसेजमध्ये. लिंक नको. पोर्टफोलिओची पीडीएफ मागितली तर दहा-बारा पानांची, पाच एमबीच्या आत बसणारी, आणि फाइलला तुमचं नाव दिलेली. ‘फायनल_न्यू_२’ नावाची फाइल महिन्याभराने कुणालाही सापडत नाही. भेटायला जाताना ए-फोर आकाराच्या चार पानांची छापील प्रत न्यावी. ती टेबलावर राहते, कुणीतरी चहा पिताना उलटतं, मग ड्रॉवरमध्ये जाते आणि प्रदर्शनाच्या वेळी बाहेर निघते. पीडीएफच्या नशिबी हे नाही.

कारखान्याचं काम याआधी केलेलंच नसेल तर? लग्नाचे फोटो दाखवून उपयोग नाही. भंगारवाल्याकडे गिअर, फ्लँज, बेअरिंगच्या रिंगा किलोवर मिळतात. वायर ब्रश आणि थिनरने साफ करा आणि त्यांचे दहा फोटो असे काढा की धातूचा पोत, चॅम्फर (तिरकी कापलेली कड), आटे वाचता आले पाहिजेत. चकचकीत धातूवर थेट दिवा मारला की पांढरे डाग आणि काळे पट्टे येतात. पार्टच्या दोन्ही बाजूंना ट्रेसिंग पेपर किंवा दुधी ॲक्रिलिकचा पडदा लावून त्यामागून दिवा द्यावा लागतो, आणि कड उठून दिसावी म्हणून काळ्या कार्डाची पट्टी शेजारी उभी करावी लागते. लेन्सवर पोलरायझर लावून चकाकी जाईल असं समजू नका, उघड्या धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर एकट्या पोलरायझरचा फारसा परिणाम होत नाही. मशीनच्या फोटोंसाठी गल्लीतलं लेथचं छोटं वर्कशॉप बघा. तिथला मालक दोन-चार चांगल्या फोटोंच्या बदल्यात रविवारी सकाळी दार उघडून देतो.

फोन करायची वेळ सांभाळा. सकाळी नऊ ते दहा मालक शॉपमध्ये फिरत असतो किंवा मीटिंगमध्ये असतो. साडेतीनच्या सुमारास अनेक ठिकाणी शिफ्ट बदलते. अकरा ते साडेबारा हा त्यातल्या त्यात निवांत वेळ. गुरुवारी भोसरी-पिंपरीत बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, त्या दिवशी कामाचा फोन नको. तशीच पंचवीस तारखेनंतरची डिस्पॅचची धांदल आणि मार्चचा दुसरा पंधरवडा. त्या काळात आलेला मेसेज ‘बघू’ म्हणून खाली सरकतो तो कायमचाच.

शॉप बघायला जाताना स्वतःचे सेफ्टी शूज घालून जा. हा खर्च पहिल्या कामाआधीच करायचा. चपला किंवा साधे बूट बघून सिक्युरिटीने गेटवरच थांबवलं की वीस मिनिटांच्या भेटीतली दहा तिथे जातात. आत गेल्यावर आधी छताकडे बघा. छतात पारदर्शक पत्रे असतील तर दुपारी जमिनीवर उन्हाचे चौकोन पडतात. त्यातच वरचे एलईडी हिरवट, एखादा जुना दिवा पिवळा, असं मिश्रण झालं की एडिटिंगमध्ये रंग जुळवताना जीव जातो. मोबाईलचा कॅमेरा जलद शटरवर ठेवून बघितलं की दिव्यांची लपलप पट्ट्यांच्या रूपात दिसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे दिवे सेकंदाला शंभरदा लपलपतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्ट्या बहुतेक टळतात. कुठल्या मशीनला मागे सरकायला जागा नाही, प्लग कुठे आहे, तिथली एक्स्टेन्शन चालते का, हेही आत्ताच बघायचं. आणि निघताना प्रॉडक्शन मॅनेजरला विचारा, ‘तुमच्या हिशेबाने कुठलं मशीन किती वाजता मोकळं असतं?’ मालकाने हो म्हटलं तरी दिवस पार पडणार तो या माणसाच्या मर्जीवर.

आता दर. सुरुवात स्वतःच्या हिशेबापासून. पुढचे आकडे हिशेब समजण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. कॅमेरा, लेन्स, दिवे मिळून चार लाखांचं सामान, चार वर्षं चालणार म्हणजे वर्षाला एक लाख. सॉफ्टवेअर, विमा, इंटरनेट, दुरुस्ती, गाडी मिळून एक लाख चाळीस हजार. घरखर्च महिना चाळीस हजार, वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. बेरीज सात लाख वीस हजार. महिन्यात शूटचे दिवस चार धरा, कारण एका दिवसामागे अर्धा दिवस शॉप बघण्यात आणि दोन दिवस एडिटिंगमध्ये जातात, उरलेले काम शोधण्यात आणि पैसे वसूल करण्यात. वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस. म्हणजे दिवसाला पंधरा हजार. याच्या खाली गेलात की तुम्ही कारखानदाराला घरून पैसे देताय.

कोटेशन एका पानाचं. काय, किती, कधी, कितीला:

शॉप फ्लोअर, एक दिवस, तीन मशीन व सीएमएम रूम, अंतिम २० फोटो एडिटिंगसह: १८,००० रुपये.
पार्टचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ८ पार्ट, दर पार्ट ९०० रुपये: ७,२०० रुपये.
सहायक व प्रवास: ३,००० रुपये.
एकूण २८,२०० रुपये. जीएसटी १८ टक्के, ५,०७६ रुपये. देय ३३,२७६ रुपये.

जीएसटीची ओळ नोंदणी असेल तरच. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, पण काही कारखाने जीएसटी क्रमांक नसलेल्याला व्हेंडर म्हणून घेतच नाहीत. पार्टचा दर वेगळा लिहायचं कारण असं, की शूटच्या दिवशी ‘हे पण दोन पार्ट घेऊन टाका’ हमखास होतं आणि आठाचे चौदा होतात. दर लिहिलेला असला की वाद न होता बिलात सहा ओळी वाढतात. वीस फोटो म्हणजे कोणते वीस, त्यांची यादीही जोडावी. ‘अनलिमिटेड फोटो’ लिहिणाऱ्याने एडिटिंगचा आठवडा आधीच दान केलेला असतो. किती वेळा बदल करून मिळतील, तेही लिहा. एकदा पुरे. फोटो किती दिवसांत देणार, फाइली तुमच्याकडे किती काळ राहतील, शूट आदल्या दिवशी रद्द झालं तर काय, या तीन ओळी खाली हव्यातच.

पार्टच्या ओळीत एक वाक्य वाढवा: ‘शूटनंतर पार्टला पुन्हा आरपी ऑइल लावून दिलं जाईल.’ मशीनवरून उतरलेल्या पार्टवर गंज धरू नये म्हणून या तेलाचा थर असतो. फोटोत तो डागाळ दिसतो, म्हणून तो पुसावा लागतो. पण पुसलेल्या लोखंडी पार्टला उघड्या बोटांनी हात लावला तर पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बोटांचे ठसे तांबूस उमटतात, आणि तो पार्ट रिजेक्टच्या बिनमध्ये जातो. नायट्राइल हातमोजे घालायचे आणि काम झाल्यावर तेल पुन्हा लावायचं. क्वालिटीच्या माणसाने हे वाक्य वाचलं की पुढचं कोटेशन तो फारसं बघत नाही.

‘पण आमच्या मुलाकडे चांगला मोबाईल आहे’ हे ऐकायला मिळणारच. मोबाईलला नावं ठेवू नका, पॅनेलचं गणित मांडा. स्टॉलच्या भिंतीचं एक पॅनेल साधारण ९५० बाय २४०० मिलिमीटरचं. २४०० मिलिमीटर म्हणजे साडेचौऱ्याण्णव इंच. व्हॉट्सॲपवरून साध्या दर्जात फिरून आलेल्या फोटोची लांब बाजू सोळाशे पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे इंचाला सतरा पिक्सेल. तो फोटो फुटणारच. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची लांब बाजू सहा हजार पिक्सेल, इंचाला त्रेसष्ट. दीड मीटरवरून बघणाऱ्याला ते पुरतं. बऱ्याच मालकांच्या गेल्या प्रदर्शनातल्या पॅनेलचा फोटो त्यांच्याच फोनमध्ये असतो. तो काढायला सांगा, बाकी बोलायची गरज पडत नाही. अर्थात मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवली तर तुमचेही फोटो फुटतील. म्हणून डिझायनरला फाइली ड्राइव्हवरून देणार असं कोटेशनमध्येच लिहून ठेवा.

‘आधी एक पार्ट फुकट काढून दाखवा’ याला माझं उत्तर नाही असंच आहे. तीन पार्ट पूर्ण दराने काढून देतो, पुढे मोठं काम दिलंत तर ही रक्कम त्यात वळती करू, असं म्हणावं. फुकट नमुना मागणारा बहुतेक वेळा तोच नमुना वेबसाइटवर लावून मोकळा होतो. ‘रेट जास्त आहे’ म्हटल्यावर रक्कम कमी करायची असेल तर काम कमी करा: आठऐवजी पाच पार्ट, वीसऐवजी बारा फोटो. काम तेवढंच ठेवून आकडा खाली आणला, तर पुढच्या वर्षी घासाघीस त्या खालच्या आकड्यापासून सुरू होते.

ड्रोनने वरून शेड दाखवा, असं मालकाच्या मुलाकडून हमखास येतं. लगेच हो म्हणू नका. लोहगाव हवाई दलाचं विमानतळ आहे, भोसरीला लागून दिघीत संरक्षण खात्याच्या संस्था आहेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उडवण्यावरच्या निर्बंधांनुसार लाल, पिवळे, हिरवे असे विभाग आहेत आणि ते डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर पत्ता टाकून बघता येतात. नकाशा बघून कळवतो, एवढंच बोलावं.

हक्काचा मुद्दा कोटेशनमध्ये लिहिला नाही, तर कायदा तो परस्पर ठरवून टाकतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, उलट करार नसेल तर. म्हणजे तुमच्या पोर्टफोलिओत तो फोटो लावायलाही परवानगी लागेल. साध्या भाषेत एक ओळ पुरते: ‘कंपनी हे फोटो सर्वत्र, कायम वापरू शकते. फोटोग्राफर कंपनीच्या लेखी मंजुरीने निवडक फोटो स्वतःच्या कामाचे नमुने म्हणून दाखवू शकतो.’ हक्क लेखी हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जर्मनीत माल पाठवणाऱ्या कारखान्याला हे सांगितलं की तो ‘जगभर’ हा शब्द स्वतः घालून घेतो, आणि तुम्हाला कायदा कळतो हेही त्याच्या ध्यानात राहतं.

होकार आला की गाडी पर्चेस विभागात जाते. व्हेंडर फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक, असल्यास जीएसटी प्रमाणपत्र, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद. उद्यम नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते, ती आधीच करून ठेवा. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे, करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे असतात. मुदत उलटली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आहे. त्यामुळे हल्ली अकाउंट्सवाले बिलावर उद्यम क्रमांक शोधतात. तो बिलावर ठळक छापा. टीडीएस काही ठिकाणी व्यावसायिक फी म्हणून दहा टक्के कापतात, काही ठिकाणी कंत्राट म्हणून एक टक्का. किती कापणार ते आधी विचारून घ्या, आणि जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवरच व्हायला हवी. छोट्या कारखान्याकडून निम्मी रक्कम आगाऊ मिळते. पीओ (पर्चेस ऑर्डर) काढणाऱ्या कंपनीकडून बहुधा मिळत नाही, तिथे पीओ हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नये.

शूटच्या दिवसासाठी सामानाची यादी अनुक्रमांकांसह तीन प्रतींत छापून न्या. गेटवर एक, तुमच्याकडे एक, स्टोअरमध्ये एक. ती नसेल तर संध्याकाळी बाहेर पडताना सिक्युरिटी एकेक बॅटरी मोजते आणि तास जातो.

उत्तर न आलेल्या मेसेजचं काय करायचं? चौथ्या दिवशी एक फोन, बाराव्या दिवशी एक मेसेज, तोही नवीन काही असेल तरच: एखादा फोटो, किंवा प्रदर्शनाच्या छपाईची तारीख. ‘सर, बघितलं का?’ हा मेसेज पाठवू नये. मग थेट दसऱ्याच्या आधीचा आठवडा. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, म्हणून आदले दोन दिवस सगळं शॉप धुऊन-पुसून निघतं, मशीनच्या संरक्षक जाळ्यांना रंग लागतो, जमिनीवरच्या पिवळ्या रेषा नव्याने मारल्या जातात. वर्षभरात शॉप इतकं स्वच्छ पुन्हा दिसत नाही, आणि ती साफसफाई तुम्हाला कुणाकडून करून घ्यावी लागत नाही. मालकाला तेवढं सांगून पूजेच्या आदल्या दुपारची वेळ मागा. दुसऱ्या दिवशी कंट्रोल पॅनेलला कुंकू लागलेलं असतं, स्पिंडलला झेंडूचा हार असतो आणि टेबलावर नारळाचं पाणी सांडलेलं असतं.